सतरा पेठांचें गांव

इटलीच्या तोस्काना प्रांतांत, फ्लोरेन्सच्या दक्षिणेस, टेकड्यांवर वसलेलें सिएना हें एक जुनें तटबंदीचें शहर आहे. त्याच्या मध्यभागीं शिंपल्याच्या आकाराचा, एका बाजूस उतरत गेलेला, विटांनीं बांधलेला विशाल चौक आहे. त्याला ‘काम्पो’ म्हणतात. वर्षांतून दोन दिवस, २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजीं सायंकाळीं, हा चौक माणसांनीं इतका भरून जातो कीं तीळ टाकण्यास जागा उरत नाहीं. चौकाच्या कडेनें मातीचा जाड थर देऊन मार्ग तयार केलेला असतो. त्या मार्गावरून दहा घोडे तीन फेऱ्या मारतात. स्वारांच्या खालीं खोगीर नसतें. सर्व मिळून अंतर सुमारें एक हजार मीटर, आणि लागणारा वेळ सव्वा ते दीड मिनिट! जिंकणाऱ्याला मिळतें तें चित्र रंगविलेलें रेशमाचें एक लांब निशाण. या निशाणाचें नांव ‘पालिओ’, आणि त्यावरूनच शर्यतीलाहि तें नांव पडलें आहे. गांवकरी मात्र लाडानें त्याला ‘चिंधी’ म्हणतात.

या चिंधीसाठीं वयोवृद्ध गृहस्थ भर चौकांत लहान मुलासारखे रडतांना दिसतात. तिच्यासाठीं वर्षभर खलबतें चालतात, पैसा ओतला जातो, जिवलग मित्र एकमेकांशीं बोलेनासे होतात. दीड मिनिटाच्या शर्यतीपायीं एक सुसंस्कृत शहर एवढें वेडें कां व्हावें, असा प्रश्न परक्या माणसाला पडतो. त्याचें उत्तर घोड्यांत शोधून सांपडत नाहीं. तें सिएनाच्या पेठांत सांपडतें.

मध्ययुगांत सिएना हें स्वतंत्र प्रजासत्ताक होतें. ४ सप्टेंबर १२६० रोजीं मोंतापेर्तीच्या रणांगणावर त्यानें बलाढ्य फ्लोरेन्सचा पराभव केला. त्या लढाईच्या आधीं नागरिकांनीं आपलें शहर कुमारी मेरीच्या चरणीं अर्पण केलें होतें, आणि आजच्या दोन्ही शर्यती मेरीच्याच उत्सवांशीं जोडलेल्या आहेत. पुढें १२८७ पासून १३५५ पर्यंत नऊ नागरिकांच्या मंडळानें शहराचा कारभार पाहिला. काम्पोच्या फरसबंदीचे नऊ भाग त्यांचीच आठवण देतात. चौकाच्या कडेस उभ्या असलेल्या नगरभवनांत या मंडळानें १३३८-३९ सालीं अंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराकडून सुराज्य आणि कुराज्य यांचीं भव्य भित्तिचित्रें काढून घेतलीं. त्यांतील एका चित्रांत चोवीस नागरिक एका ओळींत उभे असून त्या सर्वांनीं एकच दोर हातीं धरलेला आहे. तो दोर त्यांना एकोप्याच्या देवतेकडून मिळालेला आहे. राज्य कशावर उभें असतें, याचें याहून सोपें उत्तर क्वचितच कोणीं रंगविलें असेल.

परंतु हें वैभव टिकलें नाहीं. १३४८ सालच्या भयंकर प्लेगनें शहर निम्म्यावर आलें. कॅथीड्रलचा विस्तार करून तें अतिभव्य करण्याचा बेत अर्ध्यावरच राहिला, व त्याच्या एकाकी भिंती अजूनहि उभ्या आहेत. अखेर दीर्घ वेढ्यानंतर १५५५ च्या एप्रिलमध्यें सिएनानें शरणागति पत्करली, आणि थोड्याच काळांत तें जुन्या शत्रूच्या, म्हणजे फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याच्या, अमलाखालीं गेलें. राज्य गेलें, सैन्य गेलें, परराष्ट्रांशीं तह करण्याचा अधिकार गेला. पण गांवांतील पेठा राहिल्या. गमावलेल्या राज्याचा सर्व थाट, म्हणजे निशाणें, नगारे, सरदार, तह आणि वैर, लोकांनीं हळूहळू या पेठांच्या अंगावर चढविला.

आरंभीं निरनिराळ्या वस्त्या चौकांत बैलांचे खेळ करीत, रेड्यांच्या शर्यती लावीत. घोड्यांची चौकांतली शर्यत सतराव्या शतकांत रूढ झाली, आणि १६५६ पासून ती २ जुलैस नेमानें होऊं लागली. ऑगस्टची शर्यत त्यानंतर कायम झाली. कोणती गल्ली कोणत्या पेठेची, यावरून मात्र सतत तंटे होत. शेवटीं मेदिची घराण्याची विधवा सून, बव्हेरियाची राजकन्या व्हियोलांते बेआत्रिचे ही सिएनाची कारभारीण असतांना, १७२९ सालीं तिनें जाहीरनामा काढून सतरा पेठांच्या सीमा आंखून दिल्या. अमकी भिंत, तमकें घर, अमुक रस्त्याची डावी बाजू, अशा बारकाव्यानें आंखलेल्या त्या सीमा आजहि जशाच्या तशा पाळल्या जातात. युरोपांतील किती राज्यांच्या सीमा तेव्हांपासून पुसल्या गेल्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या गोष्टीचें नवल वाटल्याशिवाय राहत नाहीं.

या पेठांचीं नांवें ऐकून प्रथम हसूं येतें. गरुड, सुरवंट, गोगलगाय, घुबड, ड्रॅगन, जिराफ, साळिंदर, एकशिंगी घोडा, लांडगी, शिंपला, हंस, लाट, बिबळ्या, अरण्य, कांसव, बुरूज आणि मेंढा, अशा या सतरा पेठा आहेत. बुरूज पेठेच्या चिन्हांत पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती आहे. अंबारीचा हत्ती पाहिलेल्या मराठी माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल. हंस पेठेच्या हद्दींत फोंतेब्रांदाचा प्राचीन पाणवठा असून तेथेंच एका रंगाऱ्याच्या घरीं १३४७ सालीं संत कॅथरीनचा जन्म झाला. सुरवंटाचें नांव तर १३७१ सालच्या बंडाशीं निगडित आहे. लोकरीच्या धंद्यांतील गरीब कामगारांनीं त्या वर्षीं याच नांवाच्या जथ्याच्या रूपानें सत्ताधाऱ्यांविरुद्ध शस्त्र उचललें होतें. अशा रीतीनें प्रत्येक चिन्हामागें धंदा, दैवत आणि इतिहास यांचा कांहीं ना कांहीं धागा आहेच.

प्रत्येक पेठेचें स्वतःचें देऊळ आहे, संग्रहालय आहे, घोड्याचा तबेला आहे, सभागृह आहे, आणि चिन्हानें सजविलेला लहानसा कारंजा आहे. पेठेच्या वार्षिक उत्सवांत त्या कारंजाच्या पाण्यानें मुलांचा निराळा बाप्तिस्मा होतो. चर्चमधील संस्काराहून हा वेगळा. त्यानें मूल पेठेचें होतें, व पेठेच्या रंगांचा रुमाल त्याच्या गळ्यांत पडतो. तो रुमाल आयुष्यभराचा सोबती असतो. पेठेंत निवडून दिलेला मुख्य असतो, त्याला ‘प्रिओरे’ म्हणतात. शर्यतीच्या काळापुरती सत्ता मात्र ‘कापितानो’ म्हणजे सेनापतीच्या हातीं जाते. एरवीं पेठ हें एक मोठें कुटुंबच असतें. आजाऱ्याची विचारपूस, अडलेल्याला मदत, रक्तदानाची व्यवस्था, म्हाताऱ्यांना सोबत, हें सर्व तेथें चालतें. माणूस मेला तर त्याच्या शवपेटीवर पेठेचें निशाण घालतात.

शर्यत म्हणजे या सतरा कुटुंबांची परीक्षा. मार्ग अरुंद असल्यामुळें एका वेळीं दहाच पेठा धावूं शकतात. गेल्या वर्षीं त्याच महिन्याच्या शर्यतींत ज्या सात पेठा धावल्या नाहींत त्यांना या वर्षीं हक्कानें जागा मिळते, व उरलेल्या तीन चिठ्ठ्या टाकून निवडल्या जातात. शर्यतीच्या तीन दिवस आधीं घोड्यांची वांटणीहि चिठ्ठ्यांनींच होते. कोणत्या पेठेला कोणता घोडा मिळावा हें पैशानें ठरत नाहीं, वशिल्यानेंहि ठरत नाहीं. चांगला घोडा पदरीं पडला तर पेठेचे लोक त्याला मिरवीत नेतात. वाईट पडला तर माना खालीं घालून परततात. एकदां मिळालेला घोडा बदलतां येत नाहीं. तो जखमी झाला तर त्या पेठेनें मुकाट्यानें बाजूस व्हावें, असा नियम आहे. म्हणून पुढचे दिवस-रात्र घोड्याचा राखणदार तबेल्यांतच झोंपतो.

स्वाराची गोष्ट अगदीं उलट आहे. तो पगारी असतो, बहुधा बाहेर गांवचा, पुष्कळदां सार्डिनिया बेटावरचा. शर्यतीच्या सकाळीं नोंद होईपर्यंत त्याला बदलतां येतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘आचेतो’, म्हणजे ‘शिरका’, या टोपणनांवाच्या सार्डिनियन स्वारानें चौदा वेळां ही शर्यत जिंकली. पण असा स्वार आज एका पेठेचा तर उद्यां दुसरीचा. त्यामुळें लोक त्याला डोक्यावर घेतात, पण त्याच्यावर विश्वास मात्र कधींच टाकीत नाहींत. प्रेम करावें तें घोड्यावर! शर्यतीच्या दुपारीं घोड्याला पेठेच्या देवळांत नेतात. पाद्री त्याला आशीर्वाद देऊन ‘जा, आणि विजयी होऊन परत ये’ असें म्हणतो. घोड्यानें देवळांतच लीद टाकली तर तो शुभशकुन मानतात, आणि कोणी नाक मुरडीत नाहीं.

त्याआधींच्या दिवसांत सहा सरावाच्या फेऱ्या होतात. आदल्या रात्रीं प्रत्येक पेठेंत भर रस्त्यावर लांबच लांब टेबलें मांडून शेंकडों माणसांची पंगत बसते. प्रत्यक्ष दिवशीं नगरभवनाच्या मनोऱ्यावरील मोठी घंटा वाजूं लागते, आणि जुन्या प्रजासत्ताकाची मिरवणूक चौकांत येते. निशाणें हवेंत फेंकून झेलणारे तरुण, नगारे, चिलखतें, आणि शेवटीं चार पांढऱ्या बैलांनीं ओढलेल्या रथावर तें रेशमी निशाण. या मिरवणुकींत तोंडावरचें शिरस्त्राण मिटून घेतलेले सहा स्वारहि असतात. ते पूर्वीं होऊन गेलेल्या व पुढें नामशेष झालेल्या सहा पेठांचे प्रतिनिधि होत. त्यांच्याकडे पाहतांना सतरा पेठांना आपलेंहि मरण शक्य आहे याची जाणीव होत असली पाहिजे.

शर्यत सुरू होण्याची तऱ्हा मोठी विलक्षण आहे. दोन जाड दोरांच्या मधें नऊ घोडे चिठ्ठ्यांनीं ठरलेल्या क्रमानें उभे राहतात. दहावा मागें मोकळा असतो, आणि तो धांवत आंत शिरला कीं पुढचा दोर खालीं पडतो. म्हणजे क्षण निवडणें त्या दहाव्याच्या हातीं असतें. आपला वैरी वेडावांकडा उभा असेल तेव्हां त्यानें शिरावें, यासाठीं त्याच्याशीं सौदे झालेले असतात. दोरांच्या मधें स्वारहि एकमेकांशीं कुजबुजतात आणि शेवटच्या क्षणापर्यंत भाव ठरवितात. हे सौदे गुप्त असतात, पण ते असतात हें शेंबड्या पोरालाहि माहीत असतें. ज्या पेठेला दुबळा घोडा मिळाला ती दुसऱ्याला मदत करून पैसे मिळविते, आणि जिंकणारी पेठ दिलेलीं वचनें फेडतां फेडतां रिकामी होते. विजय येथें मोठा खर्चिक आहे!

दोर पडतो. सान मार्तीनोच्या उतारावरील वळणावर घोडे घसरतात, स्वार भिंतीवरच्या गाद्यांवर आदळतात. हातांतील चाबूक स्वारांनीं एकमेकांवर उगारले तरी तें नियमबाह्य नसतें. स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला, तरी विजय त्या पेठेचाच. २० ऑक्टोबर १९१८ हा नव्हे, तर पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीच्या शताब्दीनिमित्त २० ऑक्टोबर २०१८ रोजीं झालेल्या खास शर्यतींत कांसव पेठेचा घोडा स्वाराविनाच जिंकला होता. जिंकलेली पेठ निशाण खांद्यावर घेऊन थेट देवळांत जाते, आणि देवाचे आभार मानते.

आतां वैराविषयीं. बहुतेक पेठांना एक ठरलेला शत्रु आहे. हंसाचें बुरुजाशीं, कांसवाचें गोगलगायीशीं, गरुडाचें बिबळ्याशीं, साळिंदराचें लांडगीशीं, शिंपल्याचें मेंढ्याशीं, घुबडाचें एकशिंग्याशीं पिढीजाद वैर चालत आलें आहे. आपण जिंकावें ही पहिली इच्छा, आणि वैरी जिंकूं नये ही तिच्या खालोखालची, किंबहुना तिच्याहूनहि तीव्र. म्हणून सिएनांत दुसरा क्रमांक हा सर्वांत लाजिरवाणा मानतात. शेवटीं येणारा निदान झगडलाच नाहीं. दुसरा येणारा झगडून हरला. ज्या घरांत पति एका पेठेचा व पत्नी वैरी पेठेची असते, त्या घरांत उत्सवाचे चार दिवस बाईनें माहेरीं जावें, हा शहाणपणाचा मार्ग समजतात. शर्यत संपली कीं ती परत येते, आणि संसार पुढें चालू होतो.

या वैराची किंमत लहान नाहीं. १९६१ सालीं जिंकलेल्या बुरूज पेठेला पुढचा विजय २००५ च्या ऑगस्टमध्यें मिळाला. मधलीं चव्वेचाळीस वर्षें तिच्या लोकांनीं शेजारच्या हंस पेठेचे विजयोत्सव कानांवर हात ठेवून ऐकले. १९६१ सालीं जन्मलेलीं मुलें त्या दिवशीं स्वतः मुलाबाळांचीं झालेलीं होतीं. सुरवंटानेंहि १९५५ नंतर १९९६ पर्यंत एक्केचाळीस वर्षें वाट पाहिली. याच पेठेच्या लोकांनीं २० ऑगस्ट १९४५ रोजीं, दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीनिमित्त झालेल्या ‘शांततेच्या’ शर्यतींत, ड्रॅगन पेठेनें जिंकलेलें निशाण संतापाच्या भरांत फाडून टाकलें होतें. शांततेचें निशाण शांतता येतांच फाटलें! नंतर नवें निशाण करून ड्रॅगनला देण्यांत आलें. पेठांच्या हद्दीवर आजहि कधीं कधीं गुद्दागुद्दी होते. पण तेथें शस्त्र उचलणें निंद्य समजतात, आणि अतिरेक झाल्यास नगरपालिका त्या पेठेला पुढील शर्यतींतून वगळते.

घोड्यांच्या मरणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. त्या अरुंद वळणांवर कित्येक घोडे मेले, कित्येक लंगडे झाले. इटलींतील प्राणिमित्रांनीं या शर्यतीवर वर्षानुवर्षें टीका केली आहे, आणि ती खोटी म्हणतां येत नाहीं. तिचा परिणामहि झाला. नाजूक पायांचे शुद्ध रक्ताचे घोडे वगळून संकरित घोडे घेतले जाऊं लागले, त्यांची वैद्यकीय तपासणी कडक झाली, वळणांवर गाद्या आल्या. तरीहि मुक्या जनावराच्या जिवावर माणसांनीं आपला अभिमान मिरवावा काय, हा प्रश्न उरतोच. सिएनाचा माणूस त्याचें उत्तर देतांना म्हणतो कीं त्याच्याइतकें घोड्यावर प्रेम कोणी करीत नाहीं. तें खरें असलें तरी तें उत्तर अपुरें आहे, हें त्यालाहि मनांत ठाऊक असावें.

दुसरें एक संकट आवाज न करतां आलें आहे. तटाच्या आंतील जुनीं घरें महाग झालीं, त्यांत प्रवासी व विद्यार्थी राहूं लागले, आणि पुष्कळ कुटुंबें तटाबाहेरच्या नव्या वस्त्यांत गेलीं. १७२९ च्या सीमा मात्र तटाच्या आंतच थांबतात. पूर्वीं ज्या गल्लींत जन्म झाला त्या गल्लीची पेठ आपोआप आपली होत असे. आतां आईबाप ठरवितात, मूल तटाबाहेरून कारंजाशीं आणलें जातें, व त्या पाण्यानें तें पेठेचें होतें. पत्ता बदलला, पण रुमाल बदलला नाहीं. २०२० आणि २०२१ या दोन वर्षीं कोरोनाच्या साथीमुळें शर्यती झाल्याच नाहींत. महायुद्धांच्या काळानंतर चौक असा सुना राहण्याची ही पहिलीच पाळी होती. त्या दिवसांत पेठांच्या तरुणांनीं वृद्धांच्या घरीं औषधें व वाणसामान पोंचविलें. शर्यत नसतांनाहि पेठ होती, हें त्यावेळीं उघड दिसलें.

या उत्सवाचें मर्म तेथेंच असावें. वैर माणसाच्या स्वभावांतून काढून टाकतां येत नाहीं. पण त्याला दिवस, जागा आणि नियम नेमून देतां येतात. सिएनानें त्याला वर्षाचे दोन दिवस, एक चौक आणि तीन फेऱ्या दिल्या. घोडा चिठ्ठीनें देऊन श्रीमंत पेठेला गरीब पेठेच्या पंक्तीस बसविलें. वैऱ्याला हरवावयाचें, पण नाहींसें करावयाचें नाहीं, कारण पुढच्या वर्षीं शर्यत कोणाशीं लावावयाची? हंसाला बुरूज हवा, कांसवाला गोगलगाय हवी. मिटल्या शिरस्त्राणाचे सहा स्वार सर्वांना तेंच बजावीत असतात.

ऑगस्टची शर्यत संपल्यावर चौकांतील माती उचलली जाते, आणि खालच्या विटा पुन्हां दिसूं लागतात. ज्या भवनासमोर सायंकाळीं दोर खालीं पडला आणि सारें शहर दुभंगल्यासारखें ओरडलें, त्याच भवनाच्या आंत भिंतीवर ते चोवीस नागरिक अजून एकच दोर धरून उभे आहेत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन वैरी पेठांचे दुकानदार आपापलीं दुकानें उघडतात. कदाचित् ते एकमेकांकडे पाहत नाहींत. पण दुकानें एकाच रस्त्यावर असतात, आणि तो रस्ता त्यांना दोघांनाहि आपला वाटतो.